‘महिना अक्षावर, वर्ष लेजेंडमध्ये, झालं!’ एवढ्यात होत नाही

पॉवर बीआय (डेटावरून चार्ट आणि अहवाल बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) शिकवणाऱ्या छोट्या व्हिडिओंमधून एक युक्ती सारखी फिरत असते. वर्षावर्षांची तुलना करायची ना? लाइन चार्ट घ्या, आडव्या अक्षावर महिना टाका, लेजेंडमध्ये (ज्यावरून वेगवेगळ्या रंगांच्या रेघा होतात त्या खणात) वर्ष टाका, झालं. पाठोपाठ चार पुरवण्या येतात: तारखांचं वेगळं टेबल लागत नाही, चालू वर्षही तसंच बसतं, बारीक तुलना हवी तर महिन्याऐवजी आठवडा टाका, आणि टक्केवारीसाठी तयार फंक्शन आहेच.

मूळ युक्ती खोटी नाही. संपलेल्या दोन-तीन वर्षांचा महिनावार अंदाज घ्यायला ती पुरते. टॅब्लो या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तेच करता येतं, फक्त महिन्याचं निळं, सुटं रूप घ्यावं लागतं. हिरवं, सलग रूप घेतलं तर वर्षं एकमेकांवर न येता एकापुढे एक लागतात. पण एकावर एक आलेले दोन बिंदू सारख्याच दिवसांचे आहेत की नाहीत, हे चार्टला कळत नाही. ते तारखांच्या टेबलात ठरतं, आणि पुरवण्या नेमक्या तिथेच घसरतात.

‘तारखांचं वेगळं टेबल लागत नाही’

पॉवर बीआय प्रत्येक तारखेच्या कॉलमसाठी स्वतःहून एक लपलेलं टेबल बनवतं. त्यात वर्ष, तिमाही, महिना, दिवस असतात. आठवडा नसतो, आर्थिक वर्ष नसतं. शिवाय हे टेबल कॉलममधल्या सर्वात जुन्या वर्षापासून सर्वात पुढच्या वर्षापर्यंत पसरतं. ‘शेवटची तारीख नाही’ असं सांगायला एखाद्या सिस्टीमने ३१ डिसेंबर ९९९९ भरलं असेल, तर २०२० पासूनच्या डेटासाठीसुद्धा २९ लाखांहून जास्त ओळी तयार होतात. फाइल का फुगली ते मग शोधत बसा.

स्वतःचं टेबल करायला अर्धा तास लागत नाही. डेटातल्या पहिल्या वर्षाच्या १ जानेवारीपासून शेवटच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत रोजची एक ओळ, मध्ये एकही दिवस गाळायचा नाही. कॉलम: तारीख, वर्ष, महिन्याचा क्रमांक, महिन्याचं नाव, आठवडा, आठवड्याचं वर्ष. मग ‘मार्क अ‍ॅज डेट टेबल’ करा आणि महिन्याच्या नावाला ‘सॉर्ट बाय कॉलम’मधून महिन्याचा क्रमांक लावा. तो लावला नाही तर इंग्रजी अक्षरक्रमाने एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर असे महिने लागतात आणि रेघ निरर्थक वरखाली होते.

इथला सर्वात फसवा दोष वेगळाच आहे. विक्रीच्या तारखेला वेळ चिकटलेली असेल, समजा दुपारी २:३०, तर ती तारखांच्या टेबलातल्या मध्यरात्रीच्या तारखेशी जुळत नाही. ती ओळ ‘रिकामा’ गटात जाते. एकूण बेरीज दाखवणारं कार्ड बरोबर आकडा देतं, त्यामुळे शंका येत नाही. रेघ मात्र गुपचूप खाली बसलेली असते. पॉवर क्वेरीमध्ये (पॉवर बीआयमधल्या डेटा साफ करायच्या भागात) त्या कॉलमचा प्रकार ‘तारीख-वेळ’वरून ‘तारीख’ करा, आणि अक्षावर विक्रीच्या टेबलातली नव्हे, तारखांच्या टेबलातलीच तारीख घ्या.

‘चालू वर्षही तसंच बसतं’

आज १० ऑगस्ट असेल तर ऑगस्टचा बिंदू दहा दिवसांचा, त्याच्या शेजारी गेल्या वर्षीचा एकतीस दिवसांचा. रेघ शेवटी कोसळलेली दिसते. कुणी मेजरला (चार्टमधला आकडा काढणाऱ्या सूत्राला) ‘अधिक शून्य’ जोडून ठेवलं असेल तर सप्टेंबर ते डिसेंबर ती तळालाच लोळते. न आलेल्या महिन्याला रिकामंच राहू द्या. साचत जाणाऱ्या बेरजेत उलटं होतं: शेवटच्या तारखेनंतर रेघ आडवी सरळ चालत राहते, जणू विक्री थांबली. तिथेही मेजरने रिकामी किंमत द्यायला हवी.

सेमपीरियडलास्टइयर हे गेल्या वर्षीचा तोच काळ देणारं फंक्शन वापरून वर्षाची बेरीज काढली की चूक मोठी होते. तारखांचं टेबल ३१ डिसेंबरपर्यंत असल्यामुळे ‘हे वर्ष’ म्हणजे पूर्ण वर्ष असं फंक्शन धरतं आणि गेलं अख्खं वर्ष समोर ठेवतं. सव्वासात महिने विरुद्ध बारा! यासाठी तारखांच्या टेबलात एक खरं-खोटं कॉलम घाला: ही तारीख विक्रीच्या शेवटच्या तारखेपर्यंतची आहे का? गेल्या वर्षीचं मेजर फक्त ‘खरं’ असलेल्या तारखा घेऊन मागे सरकवा. शेवटची तारीख विक्रीच्या टेबलातूनच काढा, आजच्या तारखेवरून नको. रिफ्रेश एक दिवस मागे असेल तर तुलना पुन्हा तिरपी होते.

‘महिन्याऐवजी आठवडा टाका’

चारही पुरवण्यांत ही सर्वात धोक्याची.

वीकनम हे आठवड्याचा क्रमांक देणारं फंक्शन काही न सांगता वापरलं तर ते आठवडा रविवारी सुरू करतं आणि १ जानेवारीला पहिल्या आठवड्यात घालतं. २०२५ ची १ जानेवारी बुधवारी होती, म्हणून तो पहिला आठवडा चार दिवसांचा. २०२६ ची गुरुवारी, म्हणून तीनच दिवसांचा. पहिल्याच बिंदूवर २५ टक्के दिवस कमी.

उपाय म्हणून लोक प्रकार २१, म्हणजे आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाचा) आठवडा लावतात. तो सोमवारी सुरू होतो, आणि ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो आठवडा १. इथवर ठीक. पण लेजेंडमध्ये वर्ष मात्र साधंच राहतं, आणि मग गंमत होते. २९ डिसेंबर २०२५ हा सोमवार, आणि तो २०२६ च्या आठवडा १ मध्ये येतो. साधं वर्ष त्याला २०२५ म्हणतं. परिणामी ‘२०२५, आठवडा १’ या एका बिंदूत जानेवारीचे पाच दिवस आणि डिसेंबरचे तीन दिवस पडतात. आठ दिवसांचा आठवडा! आणि ‘२०२६, आठवडा १’मध्ये चारच दिवस उरतात.

म्हणून आठवड्याचं वर्ष वेगळं काढायचं: त्या तारखेच्या आठवड्यातला गुरुवार शोधा, त्या गुरुवारचं जे वर्ष तेच आठवड्याचं वर्ष. लेजेंडमध्ये हेच टाका.

तरी ५३ वा आठवडा उरतोच. तो २०१५ आणि २०२० मध्ये होता, २०२६ मध्येही आहे. २०२५ मध्ये नाही. ३६४ दिवस, म्हणजे बरोबर ५२ आठवडे, मागे जाऊन त्याची जोडी लावायला गेलात तर ती २०२६ च्याच पहिल्या आठवड्याशी लागते. रेघेवर तो बिंदू राहू द्या, टक्केवारीतून वगळा आणि चार्टखाली तसं लिहा.

‘टक्केवारीसाठी तयार फंक्शन आहेच’

फंक्शन भागाकार बरोबर करतं, पण महिन्यात कोणते वार किती आले ते बघत नाही. मार्च २०२३ मध्ये चार शनिवार आणि चार रविवार होते, मार्च २०२४ मध्ये पाच-पाच. समजा इतर दिवशी १०० नग जातात आणि शनिवार-रविवारी २००. पहिल्या मार्चची बेरीज ३,९००, दुसऱ्याची ४,१००. व्यवहार तसूभरही वाढलेला नाही आणि चार्ट ५.१ टक्के वाढ दाखवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर २८ ऐवजी २९ दिवस होते, म्हणजे ३.६ टक्के फुकट.

महिन्याची बेरीज न लावता रोजची सरासरी लावली की फेब्रुवारीचा प्रश्न मिटतो, वारांचा मिटत नाही. वारांसाठी रोजच्या आकड्यांत तारखा सरकवणाऱ्या डेटअ‍ॅडने ३६४ दिवस मागे जा, म्हणजे सोमवारसमोर सोमवारच येतो. दरवर्षी तारीख बदलणाऱ्या सुट्ट्यांना हाही उपाय चालत नाही. त्या हाताने खुणावाव्या लागतात. आणि अक्षावर ‘वर्षातला कितवा दिवस’ घेऊ नका: १ मार्च साध्या वर्षात ६० वा, लीप वर्षात ६१ वा, तिथून पुढची पूर्ण रेघ एक घर सरकते.

रेघा किती घ्यायच्या, याबद्दल युक्ती गप्प आहे. तीनपेक्षा जास्त झाल्या की गुंता होतो. चालू वर्ष गडद आणि बाकीची करडी ठेवा. फक्त रंग ‘२०२५’ या आकड्याला बांधू नका, जानेवारीत ते पुन्हा बसवावे लागतील. तारखांच्या टेबलात चालू वर्षापासूनचं अंतर ठेवा: ०, उणे १, उणे २. त्यालाच लेजेंड आणि रंग द्या, खरं वर्ष टूलटिपमध्ये (बिंदूवर माउस नेला की उघडणाऱ्या चौकटीत) दाखवा. लेजेंड भरला की या चार्टमध्ये एकच मेजर बसतं, म्हणून टक्केवारी खाली वेगळ्या स्तंभांच्या चार्टमध्ये द्या. जागा वाचवायला लेजेंड काढून दोन वर्षांची दोन मेजर डाव्या-उजव्या अक्षांवर वाटू नका. प्रत्येक अक्ष आपापलं माप धरतो, म्हणून दोन्ही रेघा सारख्याच उंचीवर येतात आणि ज्या फरकासाठी चार्ट काढला तोच नाहीसा होतो.