आजोबांच्या अल्बमचे चार कोटी? जरा दमानं घ्या

कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: पन्नास वर्षांपूर्वीचं कुठलंही पोस्टाचं तिकीट हजारोंना जातं, परदेशी असेल तर विचारूच नका, गांधीजींचं दहा रुपयांचं असेल तर चार कोटी आणि कोल्हापूर संस्थानाचं असेल तर मागाल ती किंमत. तिकिटं पाकिटांवरून सोडवा, लॅमिनेट करा, नेटवर भाव बघा आणि खालच्या नंबरवर नोंदणी करा. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्या बहुतेकांनी नुकसानच व्हायचंय.

अर्ध्या खऱ्यापासून सुरुवात करू. 15 ऑगस्ट 1948 ला गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमध्ये झाली. त्यातल्या दहा रुपयांच्या फक्त 100 तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी ‘सर्व्हिस’ असा शब्द छापला होता. 2017 मध्ये अशा चार तिकिटांची एक सलग पट्टी पाच लाख पौंडांना विकली गेली. चार कोटी आले ते इथून. चार तिकिटांचे, तेही ‘सर्व्हिस’वाल्या. त्या शब्दाविना असलेलं दहाचं तिकीट चांगल्या अवस्थेत असेल तर आजही मागणीत आहे, पण त्याचा हिशोब हजारांत होतो. आणि दहाची नकली तिकिटं बाजारात इतकी आहेत की मी आधी भिंग काढतो. अस्सल तिकिटातल्या छटा एकमेकींत सलग मिसळतात. ऑफसेटवर काढलेल्या नकलेत वेगवेगळ्या रंगांचे बारीक ठिपके सुटे दिसतात. जुन्या अल्बमांत बहुतेक वेळा सापडतं ते तपकिरी दीड आणा, कारण रोजच्या टपालाला तेच लागायचं.

‘जुनं म्हणजे महाग.’ नाही. जगातलं पहिलं तिकीट, 1840 चं पेनी ब्लॅक, सहा कोटी ऐंशी लाखांहून जास्त छापलं गेलं. म्हणून शिक्का मारलेली साधारण प्रत आजही हौशी माणसाला परवडते. पाचव्या-सहाव्या जॉर्जच्या डोक्याची पाव-अर्ध्या आण्याची वापरलेली तिकिटं तर डीलर मूठमूठ देतात. 1961 चं शिवाजी महाराजांचं 15 नव्या पैशांचं, 1979 चं राजर्षी शाहूंचं 25 पैशांचं, ही आपल्याला कितीही प्रिय असली तरी दुर्मिळ नाहीत. ठेवा, मिरवा, पण त्यावर कर्ज फेडायचा बेत करू नका.

संस्थानाचा मुद्दा आपल्याकडं जास्त चालतो, म्हणून सांगतो. कोल्हापूर संस्थानानं टपालाची तिकिटं काढलीच नाहीत. पुण्याजवळच्या भोर संस्थानानं काढली, 1879 मध्ये आणि नंतर 1901 मध्ये पंतसचिवांच्या, म्हणजे तिथल्या राजांच्या, चित्राची. कोल्हापूरच्या नावाचं जे सापडतं ते कोर्ट फी किंवा महसुली तिकीट, जुन्या दाव्याच्या किंवा खरेदीखताच्या कागदावर. त्यांचेही संग्राहक वेगळे आहेत, पण कागदापासून फाडून काढलंत की त्यांचाही रस संपला.

परदेशी पानं सगळ्यात रंगीत आणि सगळ्यात फसवी. अजमान, फुजैरा, मंगोलिया, हंगेरी. फुलपाखरं, रॉकेटं, ऑलिंपिक. तिकीट उलटं करा. पुढं कोपऱ्यात अगदी नेटका पाव वर्तुळाचा शिक्का आणि मागं गोंद जसाच्या तसा? मग ते कधी पत्राला चिकटलंच नाही. छापखान्यातच शिक्के मारून मुलांसाठी पाकिटं भरून विकलेला माल आहे हा. सत्तरच्या दशकातल्या अल्बमांत हाच निम्मा असतो.

आता ‘पाकिटावरून सोडवा’. हे वाचून माझं टाळकंच सरकलं. अल्बम जपला जातो आणि ट्रंकेतल्या पत्रांचा गठ्ठा रद्दीत जातो, तिथंच खरा घाटा होतो. सैनिक टाकळीसारख्या गावात दुसऱ्या महायुद्धात लढायला गेलेल्या जवानांची घरं आहेत. इटलीतून नाहीतर आफ्रिकेतून आलेलं पत्र, त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे लष्करी टपालाचा शिक्का, सेन्सॉरची खूण. कधी त्यावर तिकीटही नसतं. तरी अशा एका पाकिटाला अख्ख्या पानभर सुट्या तिकिटांपेक्षा जास्त गिऱ्हाईक मिळतं. छोट्या गावाच्या पोस्टाचा स्पष्ट वाचता येणारा शिक्कासुद्धा लोक शोधत असतात. तेव्हा कात्री लांब ठेवा.

लॅमिनेशन केलं की तिकीट संपलं, एवढंच. सेलोटेप आणि फेविकॉल त्याचेच भाऊ. उलट कडेचे दाते तुटलेत का, मागचा कागद कुठं सोलून पातळ झालाय का, तांबूस डाग पडलेत का, हे बघा. किंमत तिथं ठरते. आपल्या पावसात डाग पडतातच. 2019 च्या पुरात भिजलेले अल्बम अजून काही घरांत तसेच चिकटून आहेत. ती पानं ओढून उघडू नका, आधी जाणकाराला दाखवा.

‘नेटवर भाव बघा’ हा सल्ला वाईट नाही, पण कुठला भाव? कुणीही एक रुपयाच्या तिकिटाला एक लाख लिहू शकतो. ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या बघता येतात, त्या बघा. स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश तिकीटविक्रेत्यांच्या कॅटलॉगमधला आकडा हा त्यांचा विकायचा भाव, तोही चांगल्या प्रतीचा. गुजरीत नवा दागिना घ्यायचा दर एक आणि जुना मोडायचा दर दुसरा, तसंच. शिवाय त्यातल्या सगळ्यात खालच्या किमतीत तिकीट शोधून पाकिटात घालून द्यायची मजुरीच जास्त असते.

घरी एवढं करा: तिकिटं आण्यांची, नव्या पैशांची आणि पैशांची अशी वेगळी काढा. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, 1964 मध्ये ‘नवे’ गेलं. त्यावरून काळ चटकन कळतो. तिकिटं बोटांनी नाही, चिमट्यानं उचला. नेहमीपेक्षा वेगळं वाटेल त्याचे पुढून-मागून फोटो काढा आणि एकाऐवजी दोन-तीन जाणकारांना दाखवा. पोस्टाच्या फिलाटेली (तिकीटसंग्राहकांसाठीच्या) काउंटरवर नवी तिकिटं मिळतात, जुन्यांची खरेदी तिथं होत नाही.

राहिला तो नंबर. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावानं फी आणि कर उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये सावध केलं होतं. तिकिटांचा धंदा त्याच साच्यातला. लिलाव करणारे माल विकला गेल्यावर रकमेतून कमिशन कापतात. आधी नोंदणीचे पैसे, मग ‘जीएसटी’ मागणाऱ्याला तुमच्या अल्बमशी काही देणंघेणं नाही. तो ब्लॉक करा आणि मेसेज पुढं पाठवलेल्या काकांनाही सांगा.