चावडीवरची नोटीस वाचायला सनद लागत नाही

वकील व्हायला पाच वर्षं लागतात, आणि मोफत कायदेशीर मदत देणारं विधी सेवा प्राधिकरण मात्र अंगणवाडीच्या बायांना चार दिवस शिकवून ‘विधी स्वयंसेवक’ करतं. यात वकिलांच्या पोटावर पाय येतो आणि अर्धवट ज्ञानाने गरिबाच्या जमिनीचा खेळखंडोबा होतो, असा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. माझ्या ओळखीच्या चांगल्या माणसांनीही तो पुढे पाठवला, म्हणून लिहितेय.

पोटावर पाय कसा येईल? कोर्टात वकिली करायचा हक्क १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकिलालाच दिलाय. विधी स्वयंसेवकांच्या २००९ च्या योजनेतली स्वयंसेविका कोर्टात उभी राहत नाही. ती बाईला तालुका विधी सेवा समितीपर्यंत आणते आणि तिथे त्या बाईला वकीलच मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, तो मोफत मिळतो. हे किती जणींना माहीत आहे, घरात विचारून बघा.

आता ‘अर्धवट ज्ञान’. आमच्या तालुक्यातली गोष्ट. वडील वारले, भावांनी वारस नोंदीचा अर्ज दिला, त्यात दोन्ही बहिणींची नावं नाहीत. तलाठ्याने फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, धरला, नोटीस चावडीवर लागली. हरकतीला मुदत १५ दिवस. बहिणी दिल्या घरी, ४० किलोमीटरवर. चावडीवरची नोटीस त्यांना कोण वाचून दाखवणार? गावातल्या स्वयंसेविकेने वाचली. धाकटीला फोन केला, साध्या कागदावर लेखी हरकत लिहायला लावली आणि मुख्य म्हणजे तलाठ्याकडून पोच घ्यायला लावली. नोंद तक्रारी, म्हणजे वादातली, झाली, मंडळ अधिकाऱ्यासमोर सुनावणी लागली. मुदत टळून नोंद प्रमाणित झाली असती तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, मग तारखा, मग एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. या सगळ्यात पाच वर्षांचं शिक्षण कुठे लागलं? लागलं ते वेळेवर असणं.

हक्कसोडपत्राचंही तेच. ‘नुसती सही कर, माहेर तुटायला नको,’ असं सांगून बहिणीला दुय्यम निबंधकाकडे नेतात. सही करायची की नाही हे तिचं तिने ठरवावं. पण त्या सहीने वाटा कायमचा जातो, हे आदल्या दिवशी तिच्या ओट्यावर बसून सांगणारं कुणीतरी हवं. लोकअदालतीतही तडजोडीवर सही झाली की अपील नाही, हे आधी सांगावं लागतं.

डॉक्टरकीबद्दल हाच आक्षेप गडचिरोलीत घेता आला असता. डॉक्टर बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी शिकवली आणि तिथला नवजात मृत्युदर तीन वर्षांत हजारी ६२ वरून २५ च्या घरात आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. पण तिथे शिकवून सोडून दिलं नव्हतं, पाठीशी देखरेख होती. म्हणून प्रशिक्षण तोकडं आहे ही तक्रार मला मान्य आहे. ते वाढवा, दर महिन्याला वकिलासोबत बसवा.

गावातलाच माणूस गावातल्याच कुणाच्या तरी बाजूचा, हा आक्षेप मात्र खरा आहे. भावकीचं प्रकरण असेल तर तिने हात काढून घ्यावा आणि समितीने शेजारच्या गावची बाई पाठवावी. एका गावात एकच स्वयंसेविका, तीही सरपंचाच्या घरातली, असं तर होऊच नये.

मजकूर पुढे पाठवण्याआधी एकदा चावडीवर जाऊन या. आज तिथे कुणाच्या नावाची नोटीस आहे आणि तिचा पंधरावा दिवस कधी भरतो, ते बघा.