म्हणे हेल्मेटने मान मोडते! त्या मेसेजला माझं उत्तर

परवा भाचा गाडीवरून आला, हेल्मेट कोपरात अडकवलेलं. म्हटलं हे काय रे, तर म्हणे "मामा, ग्रुपवर आलेलं वाचलं नाहीस का? हेल्मेटने उलट मान मोडते." आणि त्याला तो मेसेज पाठवला कोणी, तर त्याच्याच वडिलांनी! 'हेल्मेटसक्तीमागचं सत्य, शेवटपर्यंत वाचा', खाली पाच मुद्दे, आणि लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच कुठेही नाही. वाचला बाबा शेवटपर्यंत. आता भाऊजी, तुम्ही हे वाचा.

मुद्दा १: हेल्मेटच्या वजनाने झटका बसून मानेचा मणका तुटतो, "अमेरिकेत सिद्ध झालंय". यात खरं एवढंच की तिकडे ८०च्या दशकात एक अभ्यास तसं म्हणाला होता. पण २०११ मध्ये तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अपघातात सापडलेल्या ४० हजारांहून जास्त मोटरसायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या आणि निघालं नेमकं उलटं, हेल्मेट घातलेल्यांत मानेच्या मणक्याच्या दुखापतीची शक्यता २२ टक्क्यांनी कमी. डोक्याचं तर विचारूच नका. जगभरातले ६१ अभ्यास एकत्र तपासून २००८ मध्ये जो आढावा निघाला त्यात मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी दिसला. हेल्मेट उलटं करून आत बघा, कापडाखाली थर्माकोलसारखा जाड थर असतो. आपटल्यावर तो चेपतो, डोक्याला थांबायला क्षणाचा काही भाग जास्त मिळतो आणि तेवढ्यावर मेंदू वाचतो. मात्र पट्टा लावलेला नसेल तर डोकं जमिनीला लागायच्या आधीच हेल्मेट उडून गेलेलं असतं, मग कसला थर आणि कसलं काय.

मुद्दा २: "गरीब देशांत कायदा चालतच नाही, शिस्त रक्तात असावी लागते." हे वाचून खरं डोकं फिरलं. व्हिएतनाम घ्या, श्रीमंत देश नाही, रस्त्यावर सगळीकडे दुचाकी. हेल्मेटचा नियम तिथेही आधीपासून होता, ठरावीक रस्त्यांपुरता, आणि कोणी जुमानत नव्हतं. मग २००७ मध्ये थेट सरकारनेच ठराव क्रमांक ३२ काढला, १५ डिसेंबरपासून सगळ्या रस्त्यांवर, चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही सक्ती, दंड दहापट, आणि पोलीस खरोखर रस्त्यावर उतरले. आधी जेमतेम ४० टक्के लोक हेल्मेट घालायचे ते बघता बघता ९० टक्क्यांच्या वर गेले. एका रात्रीत सगळ्यांचं रक्त बदललं का? बदललं ते वरच्यांचं मन. आणि गंमत ऐका, तिथेही हीच मानेची अफवा पसरली, लहान मुलांच्या मानेला धोका म्हणून, शिवाय लहानांसाठी दंडही नव्हता. परिणाम काय, तर आईबाप हेल्मेट घालून पुढे आणि पोरं उघड्या डोक्याने मागे. भाऊजी, तुमचा मेसेज नेमकं हेच करतोय.

आणि युरोपची शिस्त म्हणाल तर १९७१ मध्ये नेदरलँड्ससारख्या छोट्या देशात ३,३०० माणसं रस्त्यावर मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं. लोक 'मुलांच्या हत्या थांबवा' म्हणत रस्त्यावर बसले तेव्हा कुठे सरकार हललं. आज तिथे वर्षाला सातशेच्या आसपास मृत्यू होतात. जन्मजात शिस्त वगैरे काही नसतं हो.

मुद्दा ३: "दंड म्हणजे सरकारी लूट." हं. हे मान्य करायला जिवावर येतं, पण अर्धं खरं आहे. ज्या देशात शंभर जणांना अडवून नव्वद जण चिरीमिरी देऊन सुटतात, तिथे लोकांना दंड म्हणजे खंडणीच वाटणार. पण त्यावर उपाय दंड बंद करणं नाही, हातातली रोकड बंद करणं आहे, कॅमेरा लावा, पावती घरी पाठवा. फ्रान्समध्ये २००२ साली राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी रस्ते सुरक्षा हे आपल्या कार्यकाळातल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणून जाहीर केलं, २००३ मध्ये स्वयंचलित कॅमेरे आले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. आपल्यासारख्या देशांत अडतं कुठे, तर कॅमेऱ्याने पकडलेल्याला सोडवायला जो फोन येतो तो करणारा माणूसच कायदा करणाऱ्यांत बसलेला असतो. ताफ्यातल्या गाड्या बघा कधीतरी, पुढच्या सीटवर साहेब, आणि बेल्ट सीटच्या मागून वळवून नुसता अडकवलेला, गाडीने टीं टीं करू नये म्हणून.

मुद्दा ४: "गाड्या वाढल्या की माणसं मरणारच." जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अहवाल बघा. जगातल्या फक्त १ टक्का गाड्या सगळ्यात गरीब देशांत आहेत आणि रस्त्यावरचे १३ टक्के मृत्यू तिथे होतात. संपला विषय.

मुद्दा ५, "रस्ते गुळगुळीत करा, अपघात आपोआप थांबतील". खड्डे बुजवायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण गुळगुळीत रस्त्यावर वेग वाढतो, आणि सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो. कॅमेरा नसलेला चकचकीत हायवे म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

भाच्याला हे सगळं पाठवलंय. त्याचं उत्तर आलं, "पण मामा केस खराब होतात." चला, निदान मानेचा विषय तरी मिटला.