पांबनचा पूल हाताने उघडत, ही उणीव होती का?

नमस्कार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या पांबनच्या जुन्या रेल्वे पुलाचं मी नको इतकं कौतुक केलं, जहाजांना वाट द्यायला माणसांनी दांडे फिरवून उघडायचा पूल म्हणजे मागासलेलं तंत्र, आणि १९६४ च्या वादळात गाडीसकट वाहून गेलेल्या पुलाला मजबूत कसं म्हणायचं?

आधी माझी चूक. 'वादळानेही हा पूल हलला नाही' असं मी लिहिलं होतं, ते साफ चुकीचं आहे. २२-२३ डिसेंबरच्या त्या रात्री १४५ पैकी १२६ गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, समुद्रात गेले. मात्र ती अभागी पॅसेंजर पुलावर नव्हती. ती धनुष्कोडीजवळ पोहोचली होती, तिथे लाटेने तिला ओढून नेलं. आणि ज्या उघडत्या गाळ्याबद्दल मी लिहिलं, तो मधला गाळा वाचला. समुद्रातून गर्डर बाहेर काढून ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा केला तो ई. श्रीधरन यांनी, ज्यांनी पुढे आपली कोकण रेल्वे बांधली.

आता दांडे. १९१४ साली सुरू झालेल्या या पुलाचा मधला गाळा शेर्झर पद्धतीचा, दोन पात्यांचा, मधून दुभंगून उघडणारा. एकेक पातं चारशे टनांहून जड. पात्याचं मागचं टोक झुलत्या खुर्चीच्या पायासारखं गोलाकार असतं आणि त्याच्या मागे तोलाचं वजन. उघडताना पातं बिजागरीवर फिरत नाही, त्या गोलाईवर मागे लोळत जातं. म्हणजे ते वर उठतं आणि त्याच वेळी जहाजाच्या वाटेतून मागेही सरकतं. घासण्याऐवजी लोळणं, त्यात तोल जवळजवळ पूर्ण साधलेला. म्हणून तर मूठभर माणसं एवढं ओझं हलवू शकत होती. तोल जरा चुकला असता तर तेच दांडे कुणाला हलले नसते. मला यात मागासलेपण दिसत नाही, हिशेबाचा नेमकेपणा दिसतो.

नवा पूल हवाच होता, याबद्दल आपलं दुमत नाही. खाऱ्या वाऱ्याने लोखंड खाल्लं, डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या थांबल्या. दोन पात्यांचा मधोमध येणारा सांधा रेल्वेच्या जड चाकांखाली तसाही नाजूकच. एप्रिल २०२५ मध्ये खुल्या झालेल्या पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा अखंड आहे, तो आडवाच्या आडवा १७ मीटर वर जातो. फक्त एक लक्षात घ्या: तिथे जहाजाच्या उंचीला मर्यादा आली. जुनी पाती उघडली की वर मोकळं आभाळ असायचं.

माझी मागणी अजूनही तीच आहे. जुने गाळे खुशाल काढा, पण ती दोन पाती दांड्यांसकट किनाऱ्यावर जपून ठेवा. रामेश्वरला येणाऱ्या यात्रेकरूंच्या पोरांना तो दांडा हातात धरून बघता यावा.