तेरा गाड्यांचं काय घेऊन बसलात?

नमस्कार,

‘जेमतेम तेरा गाड्या बांधून गाशा गुंडाळणाऱ्या ड्युरिये कंपनीचं कौतुक कशाला? खरा मान फोर्डचा. त्या गाड्या रस्त्यावर कुणाला दिसल्या तरी का?’ असं तुम्ही अमेरिकेत मोटारी बांधणाऱ्या चार्ल्स आणि फ्रँक या ड्युरिये बंधूंवरचं माझं लिखाण वाचून विचारलंत. शिवाय श्रेय देताना थोरल्या चार्ल्सवर मी अन्याय केला म्हणता.

आधी माझी चूक. ‘अमेरिकेतली पहिली मोटार’ असं मी बेधडक लिहिलं, ते अंगाशी आलं. ड्युरियेंची पेट्रोलवरची गाडी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला धावली सप्टेंबर १८९३ मध्ये. वाफेवरची आणि बॅटरीवरची वाहनं तिकडे आधीच फिरत होती. वाक्य बदलतो.

पण तेराला हसू नका. त्या तेराही गाड्या १८९६ मध्ये एकाच आराखड्यावरून बांधल्या होत्या, आणि त्याही विकायला. फोर्ड त्याच वर्षी जूनमध्ये आपली पहिलीवहिली गाडी शेडबाहेर काढत होते. दार अरुंद पडलं म्हणून त्यांना भिंत फोडावी लागली! फोर्ड मोटर कंपनी निघाली १९०३ मध्ये.

ड्युरियेंचं नाव झालं ते २८ नोव्हेंबर १८९५ च्या शिकागोच्या शर्यतीमुळे. इव्हान्स्टनला जाऊन परत, सुमारे ५४ मैल, रस्त्यावर बर्फाचा चिखल. सहा गाड्या सुटल्या, दोनच पोचल्या. धाकट्या फ्रँकच्या गाडीचं स्टिअरिंग वाटेत मोडलं. लोहाराकडून ते दुरुस्त करून घेऊनही तो दहा तासांत पहिला आला. दुसरी आली ती बेन्झ, पण तिचा चालक थंडीने गळाठला होता, म्हणून शेवटी गाडी हाकली तिच्यावर नेमलेल्या शर्यतीच्या पंचाने.

आता चार्ल्स. मूळ कल्पना त्याची, हे मान्य. पण १८९२ मध्येच तो दूर इलिनॉयमधल्या पिओरियाला निघून गेला आणि इंजिनाशी झटापट करत बसला तो फ्रँक. श्रेय कुणाचं यावरून पुढे जी भाऊबंदकी पेटली ती चार्ल्स १९३८ मध्ये गेला तरी विझली नाही. १८९८ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि कंपनीही संपली. हे तुम्ही ‘अपयश’ म्हणालात तर माझी हरकत नाही.

आणि गाड्या कुणाला दिसल्या का? मे १८९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका ड्युरिये गाडीने सायकलवरच्या बाईला धडक दिली. तिचा पाय मोडला, चालकाची रात्र कोठडीत गेली. त्या बाईंना तरी नक्की दिसली असणार.