सोळा वर्षांवरच्या सगळ्यांना सरसकट मोठं धरायचं का?

या विषयावरच्या एका लेखात म्हटलंय की सोळा वर्षांवरच्या मुलानं गंभीर गुन्हा केला की थेट मोठ्यांसारखाच खटला चालवा. राग मलाही येतो हो, २०१२ च्या दिल्लीच्या निर्भया केसमधला अल्पवयीन आरोपी तीन वर्षांत सुटला तेव्हा मीही हेच बोलत होते. पण त्यानंतर २०१५ चा बाल न्याय कायदा आला ना, त्यात ही सोय आहेच. १६ ते १८ वयाचा असेल आणि गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल तर बाल न्याय मंडळ आधी बघतं की मुलाची मानसिक-शारीरिक कुवत काय, परिणाम कळत होते का, कुठल्या परिस्थितीत केलं, आणि मग ठरवतं की मोठ्यांसारखा खटला चालवायला केस बाल न्यायालयात पाठवायची का. तिथंही फाशी देता येत नाहीच, आणि २१ पर्यंत जेलमध्ये नाही तर सुरक्षित जागी ठेवतात.

खरी गोची त्या 'किमान' शब्दात आहे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जास्तीत जास्त शिक्षा कितीही मोठी असली तरी किमान सात वर्षं लिहिलेली नसतील तर तो गुन्हा 'निर्घृण' धरायचा नाही, म्हणजे मग मोठ्यांसारखा खटला चालवायचा प्रश्नच येत नाही. पुण्याच्या पोर्शे प्रकरणात लावलेलं ३०४ कलम (सदोष मनुष्यवध) असंच किमान शिक्षा न लिहिलेलं, दोन जीव गेले तरी! दुरुस्ती करायचीच तर संसदेनं इथं करावी. आणि ती कुवतीची तपासणी दरवेळी मानसशास्त्रज्ञाकडूनच व्हावी, कारण सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात काय चाललं होतं हे नुसते पोलिसांचे कागद वाचून कसं कळणार?