द्राक्षाचा पत्ता मिळतो, कोंबडीचा नाही

नाशिकच्या नातेवाइकांशी आणि मित्रांशी बोलताना चिकनचा विषय निघाला, की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक बाजू म्हणते, की ब्रॉयलर म्हणजे इंजेक्शने टोचून फुगवलेला माल. खायचे तर गावरानच खावे, नाहीतर खाऊच नये. दुसरी म्हणते, की गावरानच्या भावात पाच माणसांच्या घराचे भागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातले चिकन स्वस्त आहे, ॲपवरून येणारे पाकीट स्वच्छ आहे, मग तक्रार कसली? मी नेदरलंड्समध्ये, युट्रेक्टला राहतो. हाच वाद इथे वेगळ्या अंगाने झालेला पाहिल्यामुळे मला असे वाटते, की आपल्याकडच्या दोन्ही बाजू खाणाऱ्याच्या तब्येतीपलीकडे आणि खिशापलीकडे जातच नाहीत. कोंबडी कशी जगली आणि ती वाढवणाऱ्याच्या हातात काय होते, हे कोणी विचारत नाही.

इंजेक्शनची गोष्ट आधी बाजूला काढू. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला धरून टोचत बसणे कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. ब्रॉयलर वाढतो तो पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेल्या पैदाशीमुळे आणि मका-सोयाबीनच्या मोजून दिलेल्या खाद्यामुळे. ३५ ते ४० दिवसांत तो दोन-सव्वादोन किलोचा होतो. खरी अडचण याच वेगात आहे. अंगावर मांस इतक्या झपाट्याने चढते, की पाय आणि हृदय मागे पडतात आणि शेवटच्या दिवसांत पक्षी बहुतेक वेळ बसूनच काढतो. औषधांची काळजी मात्र रास्त आहे. माणसांवर इतर प्रतिजैविके चालेनाशी झाल्यावर वापरायचे कोलिस्टिन पोल्ट्रीत सर्रास दिले जात होते. केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली ती २०१९ मध्ये.

नेदरलंड्समध्ये २०१२ च्या सुमारास एका प्राणिहितवादी संस्थेने या झटपट वाढणाऱ्या कोंबडीविरुद्ध मोठी मोहीम चालवली. तिच्या दबावाखाली २०१३ मध्ये सुपरमार्केट, पोल्ट्रीवाले आणि प्रक्रिया उद्योग यांनी मिळून थोड्या बऱ्या परिस्थितीत वाढवलेली कोंबडी विकायचे ठरवले. पुढे जे झाले ते आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. २०१५ मध्ये कंपन्यांनी संगनमत करू नये यावर नजर ठेवणाऱ्या देशाच्या स्पर्धा नियामकाने हिशेब मांडला, की कोंबडीच्या बऱ्या जगण्यासाठी ग्राहक किलोमागे सरासरी ८२ सेंट जादा मोजायला तयार आहेत, पण या करारामुळे त्यांच्यावर १ युरो ४६ सेंटचा बोजा पडेल. सबब करार स्पर्धेला बाधक आहे. तो करार तिथेच बारगळला. त्यानंतर दुकानांच्या साखळ्या एकेकट्याने पुढे सरकल्या आणि २०२३ च्या अखेरीपर्यंत बहुतेक सगळ्यांनी ताजी कोंबडी किमान एक तारा असलेलीच ठेवायला सुरुवात केली. हे तारे इथल्या प्राणिसंरक्षण संस्थेने २००७ पासून चालवलेल्या योजनेतले आहेत. एका ताऱ्याचा अर्थ असा, की जात सावकाश वाढणारी, वय किमान ५६ दिवस, शेडमध्ये गर्दी कमी आणि शेडला लागून छताखालची मोकळी जागा.

ग्राहक जागा झाला म्हणून हे घडले, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. मला ते अर्धेच खरे वाटते. ८२ आणि १४६ या आकड्यांमधले अंतर ग्राहकाने आपण होऊन भरून काढले नसते. फळीवरून सर्वांत स्वस्त कोंबडी काढून घेतली गेली, तेव्हा लोकांनी कुरकुरत का होईना, जी उरली ती विकत घेतली. शिवाय हा देश स्वतः खातो त्याहून कितीतरी जास्त कोंबडी पिकवतो आणि परदेशी जाणाऱ्या मालाला असा तारा बहुधा लागत नाही. त्यामुळे ‘तिकडचे लोक बघा’ असा दाखला मी नाशिककरांना देणार नाही.

उलट एका बाबतीत नाशिकच्या शेडचे पारडे जड आहे. सिन्नर-दिंडोरी भागातल्या पडदेवाल्या, दोन्ही बाजूंनी उघड्या शेडमध्ये उन्हाळ्यामुळे दर पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा द्यावीच लागते, म्हणजे चौरस मीटरला तेवीस-चोवीस किलो वजन झाले. युरोपीय संघाचा कायदा अटी पाळल्यास ४२ किलोपर्यंत परवानगी देतो. आपल्या पक्ष्याला उजेड आणि वारा मिळतो तो कोणाच्या दयेमुळे नव्हे, पण मिळतो हे खरे. बंद, वातानुकूलित शेड जसजशा वाढतील, तसतशी ही गर्दी वाढेल, आणि त्याबद्दल आत्ताच बोलले पाहिजे. शेडबाहेरची अवस्था मात्र वाईट आहे: एप्रिलच्या उन्हात गाडीवर रचलेले क्रेट, दुचाकीला उलटे टांगलेले पक्षी. विनाकारण यातना होतील अशी वाहतूक करणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे रस्त्यावर पाहून कुणाला पटणार नाही.

‘जवळच्या शेतकऱ्याकडून घ्या’ हा सल्लाही नाशिकमध्ये लागू पडत नाही. नाशिकचे ब्रॉयलर बहुतेक जवळचेच असते. पण करार पद्धतीत पिल्ले कंपनीची, खाद्य आणि औषध कंपनीचे, पक्षी कधी उचलायचा तेही कंपनीच ठरवते. शेतकऱ्याची शेड, वीज, पाणी आणि कष्ट, आणि त्याला किलोमागे संगोपनाचे पैसे. जात बदलणे किंवा पक्षी आणखी दोन आठवडे ठेवणे त्याच्या हातात नाही. जो करारात नाही त्याला मोकळीक असते आणि बाजाराचा तडाखाही पूर्ण बसतो. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आणि २०२० मध्ये कोरोनाच्या अफवेने दर कोसळले तेव्हा ते दिसलेच.

गावरानबद्दल थोडे कटू बोलतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर अंगणात फिरणारी कोंबडी खरी आहे, पण ती थोडी आहे आणि नाशिकजवळच्या धरणाच्या रस्त्यावरच्या एवढ्या ढाब्यांना ती पुरणे शक्य नाही. तिथे गावरान म्हणून पुष्कळदा ताटात येते ती सुधारित, रंगीत पिसांची संकरित कोंबडी. ती ब्रॉयलरपेक्षा सावकाश वाढते आणि पायांवर नीट उभी राहते; म्हणजे डच एक तारा ज्या दिशेने गेला, त्या दिशेचा पक्षी आपल्याकडे आधीच आहे. तो स्वतःच्या नावाने आणि मधल्या भावाने विकला जावा.

सर्वांत स्वस्त कोंबडी काढून घेण्याचा डच मार्ग मात्र नाशिकमध्ये मला अमान्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. सातपूर-अंबडच्या कामगाराच्या घरात आठवड्यातून एकदा शिजणारे ब्रॉयलर महाग करून माझ्यासारख्याच्या मनाचे समाधान विकत घेऊ नये. जादा पैसे आधी हॉटेलांनी, ॲपवाल्यांनी आणि गंगापूर रोडवरच्या सधन ग्राहकांनी मोजावेत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये युट्रेक्टच्या दुकानांत नाशिकची द्राक्षे येतात. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीत बागेची नोंद असल्याशिवाय ती इथे येऊ शकत नाहीत. पेटीवरून बाग शोधता येते. २०१० मध्ये लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांवरून युरोपने माल अडवला तेव्हा बागायतदार पोळले, पण नोंदी आणि तपासणी त्यांनी अंगवळणी पाडून घेतली. त्याच बागांना कोंबडीखत पुरवणाऱ्या शेडची नोंद मात्र खाणाऱ्याला कुठेही दिसत नाही. वास्तविक ती असते. पिल्ले कधी टाकली, खाद्य किती लागले, मर किती झाली, औषध कोणते दिले, पक्षी कितव्या दिवशी उचलले, हे सगळे कंपन्या लिहून ठेवतात, कारण शेतकऱ्याचे पैसे त्यावरच ठरतात. त्यातल्या तीन गोष्टी, म्हणजे जात, वय आणि शेवटचे औषध किती दिवस आधी दिले ते, पाकिटावर आणि दुकानाच्या दरफलकावर लिहायला नवे यंत्र लागत नाही. नाशिकच्या एखाद्या कंपनीने सुरुवात संकरित पक्ष्यापासून करावी आणि जादा दरातला ठरलेला वाटा शेतकऱ्याच्या संगोपन दरात करारातच लिहून द्यावा.